पदराची गाठ

माझ्या सासूबाई, बायाबाई, चाळीस वर्षांपासून मोहाडीच्या बाजारात मासोळी विकतात. आम्ही ढिवर. सासरे होते तोवर ते तलावात, बोडीत जाळं टाकायचे, आता माझा नवरा देवानंद टाकतो. विकणं मात्र आईंचंच. टोपली रिकामी झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांच्या आईने घालून दिलेला नेम. मासोळी कोणासाठी थांबत नाही, पोट थांबतं, असं त्या म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस. पुढे रक्तातलं फॉस्फरस वाढलं म्हणून डॉक्टरांनी एक गोळी दिली, दिवसातून तीनदा. घरात बारावी शिकलेली मी एकटी, त्यामुळे औषधपाणी माझ्याकडे आलं, आणि मला त्याचा तोरा होता. सकाळी आठ, दुपारी बारा, रात्री आठ. आईंच्या साध्या फोनमध्ये मी गजर लावून दिला. दुपारची गोळी पाकिटासकट कापून त्यांच्या पदराच्या गाठीत बांधायची. कागदावर 'जेवणासोबत' असंही लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. सगळ्याच गोळ्यांवर लिहितात तसं असेल, म्हणून सोडून दिलं.

सहा महिने झाले तरी फॉस्फरस उतरेना. आई अंग खाजवून रक्त काढायच्या. पाय दुखतात म्हणून बाजारातून येताना दोनदा बसायच्या. गोळी तर मी घड्याळ लावून देत होते. मग चूक कोणाची? डॉक्टरांनी मासोळी बंद केली होती, सुकट तर अजिबात नको. माझ्या डोक्यात संशय शिरला तो निघेना. एका संध्याकाळी शेजारच्या ललिताबाईंसमोर मी आईंना अडवलं.

"आई, खरं सांगा, बाजारात चोरून सुकट खाता न?"

"म्या नाई खाल्लं वं बाई."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मी त्यांच्या पदराची गाठ सोडून पाहिली. आत चिल्लर होती आणि गोळीचं रिकामं पाकीट. आईंनी गाठ पुन्हा बांधली. ललिताबाई खाली मान घालून घरात गेल्या.

पुढच्या खेपेला डायलिसिसला कामिनी नावाची नवी नर्स होती. तिने मला नाही, आईंनाच विचारलं, "मावशी, गोळी कोणत्या घासाबरोबर घेता?"

"घास कायचा? गोळी बारा वाजता, घास तीन वाजता. टोपली उरकल्याबिगर कसा खाऊ?"

सकाळी आठला तर पोटात नुसता कोरा चहा. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकलेलं. कामिनीने समजावलं की ही गोळी घासातलं फॉस्फरस पोटातच धरते आणि बाहेर काढते, म्हणून ती जेवता जेवताच घ्यायची. जेवण चुकलं तर गोळी नको, आणि राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घ्यायची नाही.

"म्हंजे कोरड्या बोडीत जाळं टाकून राहिलो होतो आपण," आई म्हणाल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला एका दमात कळलं ते. मला सहा महिन्यांत कळलं नव्हतं.

मी गजर काढून टाकला, गोळी घासासोबत सुरू केली. दोन महिन्यांत फॉस्फरस खाली आलं. अधूनमधून मासोळीचा लहानसा तुकडा चालेल, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मी आईंच्या आवडीचा रस्सा केला, काटे काढून तुकडा वाढला. आईंनी भाताच्या घासासोबत गोळी गिळली आणि तुकडा माझ्या ताटात ठेवला.

"तू खाय. माही सवय मोडली आता."

मी रडले, पाया पडले. त्या म्हणाल्या, "येडी हायेस काय? तू माह्यासाठीच करून राहिली होती." म्हणजे त्यांनी मला माफ केलं आहे. तरी बाजारातून आल्यावर त्या रोज माझ्यासमोर उभ्या राहतात आणि पदराची गाठ आपणच सोडून दाखवतात. नका दाखवू म्हटलं तरी दाखवतात.