वांग्याचं इटालियन नाव

आमच्या कारखान्यात इटलीहून नवी यंत्रं आली, तेव्हा ती बसवायला एक इटालियन इंजिनियरही आला. मी त्याच्या हाताखाली होतो. पुढे आमच्यातल्या एकाला प्रशिक्षणासाठी इटलीला पाठवायचं ठरलं आणि माझं नाव निघालं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. आनंद पोटात मावेना. आईनं मात्र गावाहून एवढंच विचारलं, "तिथं खाशील काय?" आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे.

ही अडचण मी अण्णांना सांगितली. अण्णा ड्रॉइंग ऑफिसात मला वरिष्ठ, आमच्याच बेळगावकडचे. बेंगळुरात नवा आलो तेव्हा त्यांनीच मला मल्लेश्वरमच्या आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. वहिनींनी मला कधी परकं मानलं नाही.

एका रविवारी तो इटालियन अण्णांकडे जेवायला आला. भरीत कशाचं, हे त्याला कळेना, म्हणून मी आतून वांगं आणून दाखवलं.

"मेलांझाना!" तो आनंदानं ओरडला. मग त्यानं मला शिकवलं, की खानावळीत शिरायचं आणि म्हणायचं, "मेलांझाने, सेंझा कार्ने." म्हणजे वांगी, बिनमांसाची.

"मलाही शिकव रे," अण्णा मला म्हणाले. "तुझ्या आईला मीच समजावतो. माणूस वांग्यावर जन्म काढील!"

"सरी," वहिनी कानडीत 'बरं' म्हणून हसल्या, "मग उद्यापासून रोज वांगंच."

पुढच्याच महिन्यात निवड झाली ती अण्णांची. मी मोठ्या साहेबांकडे गेलो.

"तुमच्या आईची परवानगी नाही ना?" ते म्हणाले. "तुम्ही तिथं उपाशी राहाल, अशी अण्णांनाच काळजी. म्हणून तर ते स्वतः जायला तयार झाले."

ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याविरुद्ध काय बोलणार? मी परत आलो.

अण्णांच्या निरोपाला मराठी मंडळींनी पंगत ठेवली. बेत भरल्या वांग्यांचा, वाढायला नेहमीप्रमाणे मी. अण्णा रंगात आले होते.

"तिकडे नुसतं म्हणायचं, मेलांझाने, सेंझा कार्ने! झालं जेवण."

"अण्णा, बोटीत बसायच्या आधीच इटालियन झालात की! कुठं शिकलात?" पंगतीतून कुणीतरी विचारलं.

"शिकतो माणूस," अण्णा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी दुसऱ्यांदा वांगी घेऊन आलो. अण्णांनी रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला. "नको, नको, पुरे." असा हात आला की वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, मग तो हात बाजूला होतो. अण्णांच्या घरी मी कितीदा तरी त्यांना असं वाढलं होतं.

"सरी, अण्णा," मी म्हणालो आणि पुढच्या पानाकडे वळलो. त्यांचा हात अजून तसाच आडवा होता.