हात नसलेली बाई

मूल गावच्या बाजारात एका माणसाचं भेटवस्तूंचं दुकान आहे. इतरांकडे ताजमहाल आणि गुलाब; याच्या कपांवर, घड्याळांवर प्राचीन ग्रीक मूर्तींचे फोटो. वस्तू देताना तो शर्टाच्या बाहीने पुसतो आणि बजावतो, "ह्या बाईले उन्हात नका ठेवू." जणू लेक सासरी धाडतोय. मला ते जरा चमत्कारिकच वाटायचं.

परवा मी तिथे असताना एका नवरीचा बाप घड्याळ घेऊन तणतणत शिरला. पोरीला ते आहेरात आलं होतं. त्यावरच्या संगमरवरी बाईला दोन्ही हात नव्हते.

"लग्नाच्या घरी खंडित मूर्ती देतेत काय? सासू पोरीलेच अपशकुनी म्हणून राह्यली."

"बदलून देतो, भाऊ."

"बदलून नाई पाह्यजे. फोडतोच आता."

त्याने काउंटरवर आपटायला घड्याळ वर उचललं. मी दाराकडे सरकलो. दुकानदाराने मात्र बरोबर त्याच्या खाली आपले दोन्ही हात पसरून ठेवले.

"तिले अडवाले हात नाईत, भाऊ. माह्या हातावर मारा."

वर धरलेल्या घड्याळाची टिकटिक मला दारापाशी ऐकू येत होती. शेवटी बापाने ते हळूहळू खाली आणलं आणि त्या पसरलेल्या हातांवर ठेवलं.

दुकानदाराने आधी बाहीने काच पुसली.