ताग गाडायचा दिवस

घाईकाकांनी आयुष्यात एकाच ठिकाणी उशीर केला, तो स्वतःच्या लग्नाला. पेरणीच्या चार ओळी राहिल्या होत्या, त्या उरकून ते मातीच्या पायांनी आले. हे काकू सांगतात, म्हणून किती धरायचं ते आपण ठरवावं. बाकी सगळ्या गोष्टींत मात्र घाईच घाई. एक पीक निघालं की दुसऱ्या सकाळी दुसरं जमिनीत. जमीन बोलू शकत असती तर तिनं पाय धरून 'दोन दिवस तरी निजू द्या' म्हटलं असतं. काकांना ते कळत नव्हतं असं नाही. पण दीड एकराच्या तुकड्याला विसावा द्यायचा, तर तेवढे महिने खायचं काय?

मग सरकारनं म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या खात्यात दर तीन महिन्यांनी थेट पैसे टाकायला सुरुवात केली. पहिल्या हप्त्यात काकांनी चष्मा केला. चष्म्यातून त्यांना आधी काकू दिसल्या, मग जमीन. दोघींचा रंग उडालेला. काकूंसाठी त्यांनी दम्याचा पंप आणला, जमिनीसाठी तागाचं बी. काकूंनी आजवर पंप असा पुरवून वापरला होता की जणू प्रत्येक श्वासाला परवानगी लागते. आता डॉक्टरांनी सांगितलंय तेवढा रोज घ्यायला लागल्या, आणि जिना न थांबता चढून काकांना वरून हाका मारायला लागल्या. काकांच्या मते या योजनेचा तोटा तेवढाच.

असा हिरवळीच्या खताचा ताग खायचा नसतो, विकायचाही नसतो. तो वाढवायचा आणि पिवळी फुलं दिसली की नांगरून मातीत गाडायचा. तीन आठवड्यांत कुजतो, जमिनीचं पोट भरतं. पण वेळ चुकली की बुंधा काठीसारखा कडक होतो. मग तो कुजत नाही.

आणि योजनेची अट अशी, की वर्षातून एकदा तपासणीवाली बाई येणार आणि म्हाताऱ्याचा उभ्या पिकात फोटो काढणार. शेत रिकामं दिसलं तर नोंद 'पडीक', आणि पडीक म्हटलं की हप्ता बंद.

बाई सोमवारी यायची होती. सोमवारी आली नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शेत मात्र पिवळंधमक झालं. गुरुवारी सकाळी काकांनी एक बुंधा बोटांत मोडून पाहिला. तो कट्‌ आवाज करून मोडला.

"आजच गाडायला हवा," ते म्हणाले. "पुतण्याचा ट्रॅक्टर दुपारी दुसऱ्या गावाला जाणार, तीन आठवडे यायचा नाही."

"आणि बाई दुपारनंतर आली तर?" काकू म्हणाल्या. "तिला काय काळी माती दाखवणार?"

"अगं, पण सोन्यासारखा ताग..."

"माझा पंप त्या हप्त्यावर चालतो. सोनं हुंगून दमा जात नाही."

काका उठून पुतण्याच्या घराकडे गेले. अर्ध्या तासानं ट्रॅक्टर शेतात उतरला. काकूंनी भांडण केलं नाही. चप्पल घातली, शेताच्या वरच्या कोपऱ्यात गेल्या आणि तागात फतकल मारून बसल्या. फुलांच्या वर नुसतं डोकं दिसत होतं.

"काकू, उठा की! नांगर कुठून फिरवू?" पुतण्या ओरडला.

"माझ्याभोवतीनं. हा एवढा तुकडा माझा. बाई येईस्तोवर इथून हलणार नाही."

"काका, सांगा ना काकूंना!"

"चाळीस वर्षं सांगतोय," काका म्हणाले. "तू नांगर फिरव."

पुतण्यानं फिरवला. दुपारपर्यंत सगळं रान काळं झालं, आणि कोपऱ्यात खोलीएवढा पिवळा चौकोन उरला. ट्रॅक्टर गेला. मग काकांना राहवेना. कुदळ घेऊन ते चौकोनाची कड खणायला लागले. काकू आतून मोजत होत्या.

"एक हात खाल्लात. अजून पुढे आलात तर मी ओरडीन."

"कड तेवढी सरळ करतोय."

"तुमची सरळ मला ठाऊक आहे."

इतक्यात स्कूटर आली. बाई तरुण होती, घामाघूम होती, तीन दिवस उशीर झाल्याबद्दल तिनं दोनदा माफी मागितली आणि मोबाइल काढला. पिवळा चौकोन पाहिला, मग काळं रान पाहिलं.

"आजोबा, बाकीचं पीक काढून घेतलंत ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर काम होतं. मोबाइलात तीनच रकाने होते: उभं, काढलेलं, पडीक. काढलेलं चाललं असतं. काकूंनी तागातून डोळे वटारले, मान डोलावली, 'हो म्हणा' असं ओठांनी सांगितलं.

"काढलं नाही," काका म्हणाले. "गाडलं."

"म्हणजे पडीक?"

पडीक! काकांना ती शिवी वाटली. जन्मात ज्यांनी हातभर जमीन रिकामी ठेवली नव्हती, त्यांना पडीक! ते गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी ढेकूळ उकरलं आणि आतून ओला हिरवा पाला ओढून बाईच्या नाकासमोर धरला. "हे पडीक आहे? वास घ्या. हे जमिनीचं जेवण आहे, बाई. पन्नास वर्षांत पहिल्यांदा वाढलंय तिला."

बाईनं खरोखर वास घेतला. मग काकांना चौकोनात उभं करून त्यांचा फोटो घेतला, नांगरटीचा घेतला, पाल्याचाही घेतला. "मी पाहिलं ते लिहीन," ती म्हणाली. "ठरवणार वरचे साहेब. हप्ता थांबू शकतो."

स्कूटर गेल्यावर काकूंचा आवाज फुटला. "एक 'हो' म्हणायला काय झालं होतं? तुमच्या त्या पाल्यापायी मी गुदमरून मरू?"

काकांनी हातातला पाला पुन्हा ढेकळाखाली दाबला.

हप्त्याची तारीख आली आणि गेली. काकू पुन्हा पंप जपून वापरायला लागल्या. जिना चढायच्या बंद झाल्या. नवव्या दिवशी पंपातून नुसतं फुसकं वारं आलं. काकू खिडकीच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या, खांदे वर-खाली व्हायला लागले. काकांनी पुढच्या पेरणीसाठी कोपऱ्यात ठेवलेलं बियाण्याचं पोतं खांद्यावर घेतलं.

"विकू नका," काकू मध्ये थांबत थांबत म्हणाल्या. "पेराल काय?"

"तू गप्प बस. बोलण्यात दम घालवू नकोस."

बियाणं पडत्या भावात गेलं. पंप आला. संध्याकाळपर्यंत काकूंचा श्वास ताळ्यावर आला, तेव्हा कुठे काका जेवले.

अकराव्या दिवशी हप्ता आला, पुरा. पुन्हा बियाणं घ्यायला बाजार गाठावा लागला आणि ते महाग पडलं. पेरणी आठवडाभर मागे गेली. माती मात्र अशी भुसभुशीत झाली होती की काकांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

काकू बांधावर बसून पाहत होत्या. "पुढच्या वर्षी ताग लवकर पेरा आणि बाई यायच्या आत गाडून पेरणी करा," त्या म्हणाल्या. "आणि पंप आधीच दोन आणून ठेवायचे. आधी ते, मग बी."

"बरं."

"आणि बाई आली की तुम्ही घरात बसायचं. बोलणार मी."

"खोटं बोलशील तू."

"बोलीन," काकू म्हणाल्या. "तुम्ही ओळ धरा, वाकडी चाललीय."