कोळंबीच्या तळ्यावरची पावडर

उंबरमाळच्या पाण्याच्या टाकीवर चढणारी जिजा ही गावातली एकटीच बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, बुटकी, हाडानं काटक. कमरेला साडी खोचून ती लोखंडी शिडी अशी भराभर चढते, की खाली उभा असलेलाच शिडी घट्ट धरून ठेवतो.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला तीन पाड्यांचं हे गाव. नदीकाठच्या विहिरीतलं पाणी मोटारीनं टाकीत चढवायचं, त्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर कालवून घालायची आणि मग एकेका पाड्याचा व्हॉल्व्ह सोडायचा, हे जिजाचं काम. ग्रामपंचायतीच्या कागदावर ती पाणीपुरवठा कर्मचारी. गावात नुसती पाणीवाली.

हे काम तिनं मागून घेतलं होतं. नऊ वर्षांपूर्वी आधीचा माणूस भिलाडला कंपनीत लागला आणि पावडर घालणारं कोणी उरलं नाही. त्या पावसाळ्यात खोरीपाड्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. तिथल्या पुतळीची सहा वर्षांची मुलगी डांबरी रस्त्यापर्यंत नेता नेता झोळीतच गेली. झोळीची एक बाजू जिजाच्या नवऱ्याच्या खांद्यावर होती आणि जिजा शेजारून मुलीचा हात धरून चालत होती. पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी विचारलं, "आता हे काम कोण करील?" तेव्हा बायकांमधून जिजानं हात वर केला.

"मी करीन. पण पावडर संपायच्या आधी नवी यायला पाहिजे."

आठ वर्षं पावडर वेळेवर येत राहिली. मग ग्रामपंचायतीची मुदत संपली. निवडणूक पुढे गेली, सरपंच घरी बसले आणि तालुक्याहून प्रशासक नेमले गेले. महिन्यातून एकदा यायचे, सह्या करायचे, जायचे. त्यानंतर पहिल्यांदा जिजाचा पगार लांबला. मग मोटारीची दुरुस्ती लांबली. आणि या जुलैत, ऐन लावणीत, शेवटच्या पोत्यात चार-पाच मापं पावडर उरली.

जिजा ग्रामसेवकांकडे गेली. उमेश भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते. तीन गावांचा कारभार त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होता.

"जिजाबाई, पाणी आणि सफाईचा पैसा दिल्लीहून येतो," ते म्हणाले. "निवडून आलेले सदस्य नाहीत, तर हप्ता नाही. वरनंच थांबलाय. मी काय खिशातनं आणू?"

"मग निवडणूक कधी?"

"ते मला कळलं तर मी तुम्हालाच पहिलं सांगेन."

"आणि पाणी? नदीला लाल गढूळ पाणी आलंय, भाऊसाहेब. ते विहिरीत झिरपतंय."

"मी लिहितो वर. पुन्हा लिहितो."

त्या दिवसापासून जिजाचं कशात लक्ष लागेना. लावणीला उभी राहिली तरी मूठभर रोपं हातात घेऊन टाकीकडे बघत राहायची. जेवता जेवता उठायची. उरलेली पावडर पुरवावी म्हणून ती माप अर्धंच घालू लागली आणि हे तिनं कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पाच मापं दहा दिवस गेली. अकराव्या दिवशी पोतं झटकून झालं आणि तिनं पाणी सोडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका शेतातून तशाच चिखलाच्या पायांनी तिच्या दारात आल्या. शुक्री सगळ्यांच्या पुढे होती.

"तू काय पाण्याची मालकीण झालीस?"

"औषध नाही त्याच्यात. उकळून प्याल तर आत्ता सोडते," जिजा म्हणाली. "बोला, उकळाल?"

"दिवसभर वाकून आल्यावर? ओल्या लाकडांवर?"

तरी जिजानं व्हॉल्व्ह सोडला नाही. संध्याकाळी ती खोरीपाड्याच्या वाटेनं निघाली, तर पुतळी ओहोळाला वाकून हंडा भरत होती. वरच्या अंगाला म्हशी बसल्या होत्या. पुतळीनं तिच्याकडे पाहिलं, हंडा डोक्यावर घेतला आणि गेली. जिजा तशीच मागं फिरली. टाकीतलं पाणी यापेक्षा तरी बरं, असं म्हणत तिनं तिन्ही व्हॉल्व्ह सोडले आणि नंतर घरी येऊन अंगणात येरझाऱ्या घालत राहिली.

सकाळी ती तलासरीच्या नाक्यावरून एसटीनं डहाणूला गेली. तिचा धाकटा भाऊ बारक्या मसोलीला राहतो आणि खाडीकडच्या एका कोळंबीच्या तळ्यावर कामाला जातो. तळी धुवायला तिथं हीच पावडर वापरतात, हे त्यानं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

"एक पोतं फुटलंय, मालक टाकूनच देणार होता," बारक्या म्हणाला. "पण बाय, हे गावाच्या पाण्यात घालायचं?"

"तीच पावडर ना?"

"दिसते तर तीच."

"मग दे."

परतीच्या एसटीत अर्धी गाडी खोकायला लागली. "मावशी, काय घेऊन बसलात? सगळ्यांचे डोळे चुरचुरतायत," असं म्हणून कंडक्टरनं तिला अर्ध्या वाटेत उतरवलं. भाताचा कोंडा नेणारा एक टेम्पो थांबेपर्यंत ती पोतं पदरानं झाकून पावसात उभी राहिली.

पावडर घातली, पण जिवाला चैन नव्हती. पाण्यात औषध किती उतरलं ते बघायला आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई दक्षाकडे एक बाटली असते. तिचे थेंब टाकले की औषधाचं पाणी पिवळं होतं. जिजा नळाचं पाणी घेऊन तिच्याकडे गेली. ते पिवळं झालं, जेवढं व्हायला पाहिजे तेवढंच.

"काकी, ही कुठली पावडर?" दक्षानं विचारलं.

"माहेरची," जिजा म्हणाली आणि पहिला पेला तिनं स्वतः प्यायला.

नेमकं त्याच आठवड्यात उमेश भाऊसाहेबांच्या पत्राला फळ आलं. पाण्याचा नमुना न्यायला माणूस आला आणि नळाखाली बाटली भरून घेऊन गेला. पंधरा दिवसांनी अहवाल आला, पिण्यास योग्य. त्याच्या खाली लिहिलं होतं, तक्रार निकाली.

"सुटलो बघा!" भाऊसाहेब खूश होते.

"म्हणजे पावडर येणार नाही?"

"पाणी चांगलं आहे म्हटल्यावर ते कशाला पाठवतील?"

जिजा खुर्चीवरून उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. तळ्यावरचं उरलेलं अर्धं पोतं महिनाभरही पुरणार नव्हतं. तिच्या मनात आलं, पावडर घातलीच नसती तर निदान कागद खरा आला असता. आणि लगेच त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला प्रशासक स्वतः आले. विषय संपत आले तशी जिजा उभी राहिली.

"साहेब, तो अहवाल कोळंबीच्या तळ्यावरच्या पावडरीचा आहे. ती मी मागून आणली. आपली जुलैतच संपली. त्याच्या आधी दहा दिवस मी अर्धंच औषध घातलं आणि नंतर बिनऔषधाचं पाणीही सोडलं."

सभेत एकदम गलका झाला. "आम्हाला का नाही सांगितलंस?" शुक्री ओरडली. जिजानं मान खाली घातली.

"असलं काही पाण्यात टाकायला तुम्हाला कोणी सांगितलं?" प्रशासकांचा आवाज चढला. "कोणाला काही झालं असतं तर?"

"त्याच भीतीनं टाकली, साहेब."

"हे लिहून द्याल?"

"देते."

"जिजाबाई, काम जाईल," भाऊसाहेब हळूच म्हणाले. जिजानं त्यांच्याकडूनच पेन मागून घेतलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. चार ओळी लिहायला तिला बराच वेळ लागला. तोवर कोणी उठून गेलं नाही.

चार दिवसांनी शेजारच्या ग्रामपंचायतीकडून दोन पोती उसनी आली. त्याच जीपमधून जिजाच्या नावाची नोटीसही आली, सात दिवसांत खुलासा करा. तिनं खुलासा दिला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नमुना पुन्हा घेतला गेला आणि या वेळी जिजानं हट्ट धरून पावडर घालायच्या आधीचं पाणी दिलं. अहवाल आला, पिण्यास अयोग्य. निकाली निघालेली तक्रार पुन्हा उघडली, पण दिल्लीचा हप्ता आला नाही की निवडणुकीची तारीख लागली नाही.

त्या पावसाळ्यात खोरीपाड्यातल्या सात जणांना जुलाब झाले. सगळे बरे झाले. अर्ध्या मापाच्या दिवसांमुळे झाले, तिनं सोडलेल्या पाण्यामुळे की ओहोळाच्या, हे कोणालाच सांगता आलं नाही. दक्षा म्हणते, "काकी, सोडा आता तो विचार." पुतळी अजून तिच्याशी मोजकंच बोलते. जिजा त्या सातही घरांत जाऊन आली आहे आणि अधूनमधून अजूनही जाते.

दर सोमवारी ती पंचायतीत जाऊन भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहते.

"बसा ना, जिजाबाई."

"बसले की तुम्ही विसरता," ती म्हणते आणि उभीच राहते.