दोन गायी, एक बिल्ला

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय — खरंच कळत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. कड्याजवळच्या माळावर एका सहकारी संस्थेनं चारा छावणी टाकली होती आणि जनावरांच्या यादीचा प्रोग्राम मी लिहिला होता. लई मिजास होती मला त्याची! जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. तोच नंबर दोनदा आला की प्रोग्राम 'दुबार' म्हणायचा, मग त्यातलं एक जनावर छावणीबाहेर.

भानगड अशी, की यादी यायची एक्सेलमध्ये, आणि एक्सेलच्या रकान्यात काहीही येतं — कुठं आकडा, कुठं मजकूर. माझी प्रोग्रामिंगची भाषा कडक. कशात काय असणार ते तिला आधीच सांगावं लागतं. म्हणून मी एक फंक्शन लिहिलं: जे येईल त्याची स्ट्रिंग कर, म्हणजे मजकूर कर. मजकूर आला तर जसाच्या तसा. आणि आकडा आला तर... तर काय? तपासलंच नाही मी. मोठा आकडा असला की ते पहिले सहा अंक ठेवायचं, बाकीचे गिळून टाकायचं.

कौसाकाकूंच्या दोन गायी. एकाच दिवशी, लागोपाठच्या नंबरांचे बिल्ले मारलेल्या. अख्ख्या यादीत नेमके त्यांचेच नंबर आकडा म्हणून आलेले. दोन्ही झाले एकच. फलकावर नाव लागलं — दुबार.

काकू दोन्ही दावी हातात धरून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "आरं बाबा, डोळ्यानं बघ की. दोन हायेत!"

दोन होत्या. मला दिसत होत्या. तरी मी म्हणालो, "काकू, कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई."

त्याच दुपारी चूक सापडली. एक ओळ बदलली, यादी नीट झाली. तेव्हा त्यांची लाल गाय बाजाराच्या टेम्पोत चढत होती — खिडकीतून दिसत होतं. नुसतं उठून हाक मारायची होती. का नाही उठलो? लाज? संस्थेच्या चेअरमनची भीती? इतकी वर्षं झाली, अजून माझं मलाच उमगत नाही. बसून राहिलो, एवढं खरं.

लोक त्यांना अजून 'डबलवाली' म्हणतात. मीही हसलोय त्यावर.

आता मी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. परवा काकू आल्या, कसल्याशा योजनेसाठी. शेजारचं दुकान मोकळं होतं, तरी माझ्याकडंच. म्हणाल्या, "तूच भर बाबा. तुझा कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई."

मी भरला. नाव, गाव, गट नंबर. 'जनावरं किती' या रकान्यात त्यांनी सांगितलं तेच लिहिलं — एक.