आपोआप चालणाऱ्याला किती गुण

महाकाय रोबोटच्या जपानी कार्टून मालिकांना गुण द्यायचा उद्योग आम्ही दोघा भावांनी चार-पाच वर्षं केला, आणि तोही इमानेइतबारे. रविवारी दुपारी जेवणं झाली की उमरोळीच्या घरी ओटीवर टीव्ही लावायचा, दोन-तीन भाग बघायचे आणि मालिका संपली की दहापैकी गुण द्यायचे. चाळिशीला टेकलेले दोन बाप्ये कार्टून बघतात म्हणून वहिनी नाक मुरडायची. शेजारचे हसायचे. हसेनात का, दिवसभर क्रिकेट बघत बसणाऱ्यांना कुणी वय विचारत नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दोघंही तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात होतो. तो फिटर, मी ऑपरेटर, म्हणजे मी यंत्र चालवायचं आणि बिघडलं की त्यानं दुरुस्त करायचं. मालिकाही आम्ही तशाच बघायचो. मला लढाई हवी असायची, आत बसून रोबोट चालवणारा तो पोरगा हवा असायचा. दादाला लढाईत काडीचा रस नव्हता. रोबोट मार खाऊन परत आला की त्याच्या पोटाखाली पाने-पकडी घेऊन घुसणारी माणसं दिसली, की हा सरसावून बसायचा.

पडद्याखालच्या ओळी इंग्रजीत असायच्या. दादाचं इंग्रजी पान्यावरच्या आकड्यांपुरतं, त्यामुळे मी त्या मोठ्यानं मराठीत सांगायचो. ते काम माझंच होतं. घरात कुठलाही इंग्रजी कागद आला तरी वाचायचा मी आणि ऐकायचा त्यानं, हे लहानपणापासून ठरलेलं.

जपानी नावं आमच्या जिभेवर टिकत नसत, म्हणून आम्ही आमचीच ठेवली. ‘तीन भाऊ’ नावाची एक होती, तिच्यात तीन रोबोट हवेत एकमेकांना जोडले जाऊन एक व्हायचे. मी आठ गुण दिले, दादानं तीन. म्हणाला, “हवेत जोडले, ठीक हाय. पन बोल्ट कोनी आवले?” दुसरी ‘गंजका’. तिच्यातल्या जुनाट रोबोटचं दर भागात काहीतरी मोडायचं आणि अर्धा वेळ दुरुस्तीतच जायचा. मी चार दिले, त्यानं नऊ. खरं सांगायचं तर ‘गंजका’च चांगली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. कबूल केलं असतं तर त्यानं ते जन्मभर ऐकवलं असतं, म्हणून मी चारवर अडून राहिलो.

माझी लाडकी ‘पांढरा’. तिच्यात एकदा नायक बाहेर जमिनीवर पडलेला असतो, शत्रूचा पाय त्याच्यावर येत असतो आणि आत कुणीही नसताना पांढऱ्या रोबोटचे डोळे पेटतात. तो आपोआप हात उचलून तो पाय अडवतो. मी अंगावर काटा येऊन दादाकडे बघितलं. तो पानाला चुना लावत होता.

“एक गुन,” तो म्हणाला.

“एक? अरे, तो स्वतःहून चालला.”

“तेच सांगतो. मगाशी तो म्हातारा मिस्त्री रोबोटच्या गुडघ्यात हात घालून बसलेला ना? तो अजून आत असता तर? बटन न दाबता जे चालतं, त्याच्याजवल मी माझ्या भावाला उभा करनार नाय.”

मी त्या दृश्याला एकट्याला दहापैकी दहा दिले. पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्यावरच भांडलो. बोईसर स्टेशनातून रिक्षेनं कारखान्यात जातानासुद्धा भांडलो, आणि शेजारचे लोक आम्ही खऱ्या माणसांबद्दल बोलतोय असं समजून ऐकत राहिले.

दादाचा कारखान्यातला नियमही तोच होता. कुठल्याही यंत्रात हात घालण्याआधी वायरमनकडून पॅनलमधले फ्यूज काढून घ्यायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. काम संपेपर्यंत ते कुणाला द्यायचे नाहीत, साहेबालाही नाहीत. नवे फिटर त्याची चेष्टा करायचे. तो म्हणायचा, माझा हात माझ्या खिशात हाय.

हा नियम त्यानं एकदाच मोडला, आणि तो माझ्यामुळे.

पावडर मिसळायचं मोठं आडवं यंत्र मी चालवायचो. त्यातल्या एका पात्याचा बोल्ट सैल झाला. वायरमन दुसऱ्या शेडमध्ये गेला होता, ट्रक गेटवर उभा होता आणि साहेब दर पाच मिनिटांनी येऊन ओरडत होता. मी म्हणालो, वायरमनला बोलावून आणतो. दादानं माझ्याकडे बघितलं आणि पाना उचलला. “राहू दे. तू हाय ना बटनापाशी.” मग तो यंत्राच्या पलीकडे गेला, झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बटणाच्या पॅनलपाशी उभं राहिलं की तो दिसत नव्हता.

मी बटणापाशीच होतो. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, जसं काही त्यानं फरक पडतो. साहेब आला. बॅचचा कागद त्यानं माझ्या हातात दिला आणि सही कुठं करायची ते दाखवलं. सहीसाठी मी दोन पावलं टेबलाकडे सरकलो. मागून त्यानं काहीतरी विचारलं. शेजारचा पंखा घरघरत होता, मला ऐकू आलं नाही. पण साहेब काही बोलला की मान हलवायची सवय मला अकरा वर्षांची होती. मी मान हलवली. त्यानं बटण दाबलं.

दादाचा उजवा हात कोपराखाली गेला.

साहेबाचा मला संताप येतो. पण त्यानं विचारलं तरी होतं. मी तर काय विचारलं तेही न ऐकता हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. समोर टाइप केलेला इंग्रजी कागद ठेवला होता. विजेतल्या बिघाडामुळे यंत्र आपोआप सुरू झालं, त्या वेळी पॅनलजवळ कुणीही नव्हतं, असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव होतं. साहेब म्हणाला, “देखो, सबका भला इसी में है. तुम्हारे भाई के पैसे का काम जल्दी हो जाएगा, तुमको परमनंट कर देंगे.” मी मान हलवली आणि सही केली. वर तोच कागद दादाची सही आणायला घेऊन दवाखान्यात गेलो. असा मी भाऊ.

दादा उशाला टेकून बसला होता. वहिनी डबा धुवायला बाहेर गेली होती. त्यानं कागदाकडे बघून म्हटलं, “वाच.”

एखादी ओळ गाळता आली असती. मालिकेतल्या कंटाळवाण्या ओळी मी नेहमीच गाळायचो. पण मी सगळं वाचलं, मराठीत, आमच्या रविवारच्या आवाजात. बटण कुणी दाबलं ते त्याला माहीत होतं. हात अडकल्यावर पहिली हाक त्यानं मलाच मारली होती आणि मी यंत्राला वळसा घालून पोचलो तेव्हा माझ्यामागे साहेब ‘मैंने तो पूछा था’ म्हणत उभा होता.

“आपोआप चाललं,” तो म्हणाला. “तुज्या आवडीचं हाय. दहापैकी दहा.”

मग त्यानं पेन मागितलं आणि डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. त्यानं कागद माझ्या तोंडावर फेकायला हवा होता. फेकला असता तर मला घरी जाऊन रडता आलं असतं.

मी कायम झालो. साहेब त्याच खुर्चीत आहे. दादा घरीच असतो, आता जवळच्या माहीम गावातल्या एका बागायती वाडीत राखणीला जायचं म्हणतोय. रविवारी आम्ही अजून ओटीवर बसतो, कारण नाही बसलो तर का नाही ते बोलावं लागेल. मी ओळी वाचतो, तो ऐकतो. गुण मात्र कुणी देत नाही. पान आता वहिनी लावून देते.

गेल्या रविवारी एका नव्या मालिकेत पुन्हा तेच आलं. रिकामा रोबोट, पेटलेले डोळे, आपोआप उचललेला हात. माझं वाचणं थांबलं. दादानं टीव्हीवरची नजर काढली नाही.

“ह्याला किती?” त्यानं विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

“शून्य.”

“का?”

“आपोआप काही चालत नसतं. कुणीतरी दाबतं.”

“मंग तसं लिहून दे.”

मी मान हलवली. साहेबानं बटण दाबलं असं लिहून द्यायचं ते अजून लिहिलेलं नाही. लिहिलंय ते हे एवढंच, आणि यातही मी कुणाचं नाव घातलेलं नाही.