हैदराबादची लाइन

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. बस स्थानकाजवळ चपलांच्या दुकानाच्या वर एक संगणक केंद्र होते. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : मेनफ्रेम. आत काही टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. खंडेनवमीचे कुंकू कीबोर्डच्या फटींत घट्ट बसलेले. बोटे चिकट होत. मेनफ्रेम, म्हणजे सगळे काम करणारा मोठा संगणक, हैदराबादला आहे, तिथपर्यंत टेलिफोनची लाइन टाकली आहे, असे केंद्र चालवणारे सर सांगत. लाइनचा डबा शेजारच्या खोलीत. त्या खोलीला कायम कुलूप.

तिथे आम्ही शेल स्क्रिप्ट शिकलो. संगणकाला द्यायच्या आज्ञा ओळीने एका फाइलमध्ये लिहायच्या आणि ती फाइल चालवायची. शिकलो म्हणजे पाढ्यांसारख्या एका सुरात पाठ केल्या. आज्ञा दिली की हात मांडीवर घेऊन थांबायचे, हा नियम. उत्तर यायला बराच वेळ लागे. मध्येच कुणी बटण दाबले तर सर ओरडत, "हैदराबाद काय बाजूच्या गल्लीत हाय का? लाइन तुटंल!"

वीज गेली की टर्मिनल इन्व्हर्टरवर चालत, मेनफ्रेम मात्र बंद पडे. माझ्या शेजारी डोंगरकडा गावचा एक मित्र बसे. घरी मेंढरं. त्याने एकदा विचारले, "सर, लाइट हिंगोलीची गेली. हैदराबादचं मशीन काहून बंद पडलं?"

"तिथली बी गेली असंल. तुला लई चौकशा!"

वर्ग हसला. मीही.

डी.एड.ला मिळालेला प्रवेश सोडून तो इथे आला होता. मास्तर व्हायचं सोडून पोरगं बटणं दाबून राहिलं, असे त्याचे वडील चारचौघांत म्हणत. नोकरी मिळवणे एवढाच त्याच्याकडे जबाब होता.

हैदराबादच्या एका कंपनीच्या निवड चाचणीला आम्ही दोघे गेलो. लेखी परीक्षेत मी गळलो. तो पुढे गेला. खऱ्या मेनफ्रेमवर त्याला स्क्रिप्ट चालवायची होती : एका फाइलमधल्या हव्या त्या नोंदी दुसरीत उतरवायच्या आणि पहिली रिकामी करायची. बाहेर येताच त्याने मला सांगितले,

"लगेच उत्तर आलं. मला वाटलं, बिघडलं. एवढ्या लवकर येतंच न्हाई ना! म्हून परत चालवली."

दुसऱ्या वेळी पहिली फाइल रिकामीच होती. तीच दुसरीत उतरली, आधीचे बरोबर उत्तर पुसले गेले आणि निवड हुकली.

हिंगोलीत उतरताच तो सरांसमोर उभा राहिला. "ती खोली उघडा."

सरांनी उघडली. आत एक जुना पीसी, त्यालाच जोडलेल्या सगळ्या टर्मिनलच्या तारा, धूळ, उंदराच्या लेंड्या. टेलिफोनची तार नव्हतीच. उत्तर रेंगाळावे म्हणून थांबण्याची आज्ञा सरांनीच घालून ठेवली होती.

"लवकर उत्तर आलं तर पोरायला मेनफ्रेम वाटत न्हाई," सर पान चघळत म्हणाले. "तुझी डी.एड.ची जागा तर गेली. गावात काय सांगशील? इथंच शिकव. हैदराबादहून आलेले सर म्हणून फलकावर नाव टाकू."

तो शिवी देईल म्हणून मी थांबलो होतो.

त्याने विचारले, "कवापासून येऊ?"

काही दिवसांनी मी प्रमाणपत्र आणायला गेलो. जिन्यात त्याचे वडील बसले होते, आतला आवाज ऐकत. "व्हय, मास्तर झालं आमचं पोरगं," ते म्हणाले. आत तो नव्या मुलांना सांगत होता, "हात मांडीवर. लाइन तुटंल."

मी तसाच खाली उतरलो.